तुरुंगपटांतला पहारेकरी असा का दिसतो?

रेवा (धागाकर्ती)

माझे बाबा तुरुंग खात्यात होते. शिपाई म्हणून लागले, हवालदार म्हणून निवृत्त झाले. टीव्हीवर तुरुंगाचा सिनेमा लागला की दहा-पंधरा मिनिटं बघायचे आणि उठून जायचे. चिडायचे नाहीत, नावंही ठेवायचे नाहीत. "यात आमचं काम कुठंय?" एवढंच म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी ते गेले आणि तेव्हापासून त्यांचं हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून गाजलेले जुने तुरुंगपट एकेक करून बघते आहे, वही घेऊन. त्यातून जे हाती लागलं ते मांडते. कुठं चुकत असेन तर सांगा.

बाबांचं काम म्हणजे मुख्यतः मोजणी आणि कुलूप. सकाळी बराक उघडताना माणसं मोजायची, कामावर पाठवताना मोजायची, परत घेताना मोजायची, संध्याकाळी बंदी करताना मोजायची. आकडा जुळला नाही तर पुन्हा पहिल्यापासून. कोणी मोरीत असतो, कोणी दवाखान्यात गेलेला असतो, कोणी कोर्टातून अजून यायचा असतो. ते अंगठा बोटांच्या पेरांवर सरकवत मोजायचे. आम्ही सगळे जेवायला बसलो की त्यांचा अंगठा आपोआप हलायचा, आणि आम्ही तर पाचच जण!

आता सिनेमातला पहारेकरी बघा. 'ब्रूट फोर्स' (१९४७) मधला कॅप्टन मन्सी घ्या. ह्यूम क्रोनिननं काम अंगावर काटा येईल असं केलंय. ऑफिसात वाग्नरचं संगीत लावून तो कैद्याला रबरी नळीनं मारतो. महायुद्ध संपून दोन वर्षं झालेली, दिग्दर्शक ज्यूल्स दासाँच्या डोळ्यांसमोर नाझी छावण्या असणार, हे कळतं. आदल्याच वर्षी मे महिन्यात ॲल्कट्राझ या अमेरिकेतल्या बेटावरच्या तुरुंगात कैद्यांनी बंदुका मिळवून जे बंड केलं, त्यात दोन पहारेकरी आणि तीन कैदी मेले होते. त्याचीही सावली या सिनेमावर आहे. पण सिनेमा संपल्यावर मला प्रश्न पडला तो वेगळाच. एवढा छळ करणारा माणूस हाताखालच्या दोन-चार जणांच्या जोरावर शेकडो कैद्यांकडून रोजची कामं कशी करून घेत असेल? रांग लावणं, भट्टी पेटवणं, कपडे धुणं? सिनेमा तिकडे फिरकतच नाही.

बाबा म्हणायचे, शंभर माणसांच्या बराकीत आम्ही दोघं काठी घेऊन जातो. त्या शंभरांनी मनावर घेतलं तर काठीचं काय होईल?

याउलट जाक बेकेरचा 'ल त्रू' (१९६०) बघितला तेव्हा मी थांबवून थांबवून बघितला. पॅरिसच्या ला साँते तुरुंगातली गोष्ट, १९४७ साली खरंच झालेल्या पलायनाच्या प्रयत्नावर बेतलेली. मूळ कादंबरी लिहिणारा जोझे जोवानी त्या कोठडीत होता. आणि रोलाँचं काम करणारा झाँ केरोदी हा त्या खऱ्या प्रयत्नातलाच एक. सिनेमाच्या सुरुवातीला तो मोटारीच्या इंजिनवर वाकलेला असतो आणि कॅमेऱ्याकडे वळून सांगतो की ही माझी गोष्ट आहे.

त्यात एक प्रसंग आहे. घरून आलेली खाण्याची पार्सलं तपासली जात असतात. एक पहारेकरी एकाच सुरीनं सगळं कापत जातो. सॉसेज, चीज, गोड पदार्थ, जे येईल ते. सुरी मध्ये पुसत नाही. चेहऱ्यावर राग नाही, मजा नाही, घाईसुद्धा नाही. आत काही लपवलंय का एवढंच त्याला बघायचंय. ज्याचं पार्सल आहे त्याच्या बायकोनं किंवा आईनं ते किती जपून बांधलं असेल, हे त्याच्या गावीही नाही. सरकारी नोकरीतला कोरडेपणा इतका खरा मी पडद्यावर दुसरीकडे पाहिला नाही. हा प्रसंग बाबांना दाखवायला हवा होता.

तुम्हाला कुठले तुरुंगपट खरे वाटले? आणि का?

जुना_रीळ

रेवाताई, उत्तम विषय. माझं निरीक्षण असं की लेखक किंवा निर्माता स्वतः आत राहून आला असेल तर सिनेमाचा पोत बदलतो.

'रायट इन सेल ब्लॉक ११' (१९५४) चा निर्माता वॉल्टर वँगर. बायकोच्या एजंटावर गोळी झाडल्याबद्दल काही महिने आत होता. बाहेर आला तो डोक्यात तुरुंग घेऊनच, आणि डॉन सीगलकडून हा सिनेमा करून घेतला. चित्रीकरण थेट कॅलिफोर्नियातल्या फॉल्सम तुरुंगात, आणि गर्दीतले बरेचसे चेहरे तिथल्या खऱ्या कैद्यांचे आणि पहारेकऱ्यांचे. शिवाय त्यात आडदांड कैद्याचं काम करणारा लिओ गॉर्डन स्वतः सॅन क्वेंटिनमध्ये शिक्षा भोगून आलेला.

बंडखोरांच्या मागण्या काय, तर गर्दी कमी करा, मनोरुग्णांना वेगळं ठेवा, हाताला काम शिकवा. तुरुंगाचा वॉर्डनही म्हणतो, हे सगळं मी वर्षानुवर्षं वर लिहून पाठवतोय. गव्हर्नर सही करतो, मग विधिमंडळ ती मोडीत काढतं, आणि म्होरक्याच्या वाट्याला ओलीस धरल्याचा नवा खटला येतो. खलनायक कोणीच नाही. १९५२ मध्ये मिशिगनच्या जॅक्सन तुरुंगात आणि आणखी बऱ्याच ठिकाणी असे उठाव झाले होते, त्यामुळे प्रेक्षकाला ते पेपरातलंच वाटलं असणार.

आणि १९३२ चा 'आय ॲम अ फ्युजिटिव्ह फ्रॉम अ चेन गँग' विसरू नका. रॉबर्ट बर्न्स नावाच्या पहिल्या महायुद्धावरून परतलेल्या सैनिकानं ५ डॉलर ८० सेंटच्या दरोड्यात भाग घेतल्याबद्दल जॉर्जियात सहा ते दहा वर्षांची सक्तमजुरी भोगायची होती. पळाला, पकडला गेला, पुन्हा पळाला, आणि फरारी असतानाच पुस्तक लिहिलं. सिनेमानं जॉर्जियाचं नावही घेतलं नाही, तरी तिथल्या तुरुंग अधिकाऱ्यांनी दावे ठोकले. न्यू जर्सीच्या गव्हर्नरनं बर्न्सला परत पाठवायला नकार दिला. शेवटी १९४५ मध्ये त्याची शिक्षा माफ होऊन तो मोकळा झाला. एका सिनेमानं एवढी खळबळ उडवावी, हे त्यातल्या खरेपणाचंच बळ आहे.

शलाका_पी

पण मग 'शॉशँक रिडेम्प्शन'? आमच्या घरी सगळ्यांचा आवडता. तो खोटा म्हणायचा का?

जुना_रीळ

शलाका, खोटा नाही म्हणणार. ब्रुक्स आठव. पन्नास वर्षं आत काढलेला म्हातारा ग्रंथपाल बाहेर येतो आणि मोकळं जग त्याला सोसत नाही. तो भाग शंभर टक्के खरा आहे. पण वॉर्डन नॉर्टन आणि कॅप्टन हॅडली हे पुन्हा मन्सीचेच भाऊबंद.

अभय_स

मी समाजशास्त्र शिकवतो, म्हणून थोडं लांबवतो.

रेवाताईंच्या बाबांचा जो प्रश्न आहे, त्या शंभर माणसांनी मनावर घेतलं तर काठीचं काय, त्याच प्रश्नावर ग्रेशम साइक्सनं १९५८ मध्ये एक छोटं पुस्तक लिहिलं. न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या कडेकोट तुरुंगाचा अभ्यास. त्याचं म्हणणं असं की कागदावर पहारेकऱ्याच्या हातात सगळी सत्ता असते, पण ती वापरायला गेलं की हाती फारसं लागत नाही. बळजबरीनं माणसाला कोठडीत ढकलता येतं, त्याच्याकडून रोज नीट झाडू मारून घेता येत नाही. शिक्षेचा धाक दाखवावा तर तो आधीच शिक्षेत आहे. बक्षीस द्यावं तर देण्यासारखं फारसं काही नाही. मग पहारेकरी काय करतो? बारीकसारीक गोष्टींकडे काणाडोळा करतो. त्या बदल्यात मोठ्या गोष्टी शांतपणे पार पडतात. हिशेब, याद्या, चिठ्ठ्या अशी लिखापढी हळूहळू कैद्यांच्या हातात जाते. दिवसभर तो कैद्यांमध्येच वावरतो, त्यामुळे ओळखी होतात. आणि वरिष्ठ त्याचं मोजमाप कशावर करणार? त्याच्या विभागात गडबड झाली की नाही, यावर. म्हणजे त्याची नोकरी कैद्यांच्या मर्जीवर!

या चष्म्यातून शॉशँक बघा. बँकर कैदी अधिकाऱ्यांचे आयकराचे कागद भरतो, वॉर्डनचे हिशेब सांभाळतो. लोकांना ते फिल्मी वाटतं, मला तो सिनेमातला सर्वांत वास्तव धागा वाटतो. त्याहून रोखठोक बघायचं असेल तर ॲलन क्लार्कचा 'स्कम'. ब्रिटनमधल्या किशोर गुन्हेगारांच्या बोर्स्टलवरचा, म्हणजे सुधारगृहावरचा. बीबीसीनं १९७७ मध्ये बनवून घेतला आणि दाखवायला नकार दिला, म्हणून १९७९ मध्ये तो पुन्हा चित्रपट म्हणून करावा लागला. त्यात मुलांमधल्या दांडग्याला अधिकारीच जागा देतात, कारण तो बाकीच्यांना गप्प ठेवतो. तीन वर्षांनी कायद्यानं बोर्स्टल ही पद्धतच गेली.

आता मुद्द्याचं. १९७१ चा स्टॅनफर्डचा तुरुंग-प्रयोग बहुतेकांना ऐकून माहीत असतो. साध्यासुध्या विद्यार्थ्यांना पहारेकरी केलं तर ते क्रूर झाले, दोन आठवड्यांचा प्रयोग सहा दिवसांत बंद करावा लागला. क्रौर्य त्या जागेतच असतं, असं त्यावरून वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. मीही शिकवलं. पण त्या प्रयोगात पहारेकऱ्यांना दिलेले आरशासारख्या काचांचे गॉगल प्रयोग करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ फिलिप झिंबार्डोनं 'कूल हँड ल्यूक' (१९६७) या सिनेमावरून घेतले होते, हे त्यानं स्वतःच लिहिलंय. आणि सगळ्यांत वाईट वागलेल्या पहारेकऱ्यानं पुढे सांगितलं की मी त्याच सिनेमातल्या कॅप्टनची भूमिका वठवत होतो, त्याच्या दक्षिणी हेलासकट. शिवाय पहारेकऱ्यांनी कडक वागावं असं त्यांना सांगितलं जात होतं, हेही नंतर ध्वनिफितींतून बाहेर आलं.

म्हणजे सिनेमातला पहारेकरी प्रयोगशाळेत गेला, तिथून पाठ्यपुस्तकात आला, आणि आता आपण सिनेमा बघून म्हणतो, बघा, मानसशास्त्रानंही हेच सिद्ध केलंय. मला हे कळलं त्या दिवशी मी वर्गात जाऊन आधीचं शिकवलेलं मागे घेतलं.

रेवा

अभयसर, हे वाचून मी थोडा वेळ नुसती बसून होते. बाबांच्या वाट्याला लोकांच्या ज्या नजरा यायच्या त्या कुठून यायच्या, याचं एक उत्तर मिळालं. शाळेत मुली मला विचारायच्या, तुझे बाबा कैद्यांना मारतात का गं?

एक मात्र सांगते. बाबांच्या खात्यात मारणारे नव्हतेच असं मी म्हणणार नाही. होते. एकदा बाबा रात्री घरी आले ते जेवलेच नाहीत. आईनं खूप विचारल्यावर म्हणाले, आज एकाला मारताना मी दार धरून उभा होतो. त्यापुढे कधी बोलले नाहीत. असा दार धरून उभा राहणारा माणूसही सिनेमात दिसत नाही. मारणारा दिसतो, मार खाणारा दिसतो.

माधुरी_व

मी दहा वर्षं महिला कैद्यांना लिहा-वाचायला शिकवायला जात होते. बायकांच्या तुरुंगांवरचे सिनेमे बहुतेक किळसवाणे असतात, पण 'केज्ड' (१९५०) अपवाद. कथा-पटकथेच्या लेखकांपैकी व्हर्जिनिया केलॉग अधिकाऱ्यांच्या संमतीनं कैदी म्हणून महिला तुरुंगांत राहून आली होती. १९ वर्षांची गरोदर मुलगी नवऱ्याच्या दरोड्यामुळे आत येते. एलेनॉर पार्करचा सुरुवातीचा चेहरा आणि शेवटचा चेहरा शेजारी ठेवून बघा. शेवटी ती सुटते आणि भली वॉर्डनबाई तिची फाइल बंद करू देत नाही, ती परत येणार म्हणून.

मेट्रन, म्हणजे महिला पहारेकरी, हार्पर मात्र पुन्हा राक्षसीण. होप इमर्सन सव्वासहा फुटांच्या आसपास उंच होती, तेवढ्यानंच धडकी भरते. पण माझ्या पाहण्यातल्या मेट्रन अशा नव्हत्या. दमलेल्या होत्या. दोघींची ड्यूटी एकीवर पडलेली, घरी लहान मूल, आणि आत एखादीला रात्री कळा सुरू झाल्या की गाडी मिळेपर्यंत हिचाच हात धरून बसायचं. एक मेट्रन वर्गाच्या दारात स्टुलावर बसायची, पहाऱ्याला. तिसऱ्या महिन्यात माझ्या लक्षात आलं की तिच्या मांडीवरही पाटी आहे. तिलाही जोडाक्षरं येत नव्हती. कैदी बायकांनी ते माझ्याआधी ओळखलं होतं आणि तिला दिसेल अशी पाटी धरून त्या लिहायच्या.

अशी दृश्यं सिनेमात का येत नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

तात्या_मुक्कामी

मी थोडा विरोधी सूर लावतो, राग नसावा. सिनेमा म्हणजे तुरुंग खात्याचा वार्षिक अहवाल नव्हे. 'कूल हँड ल्यूक' मधला गॉगलवाला बॉस संपूर्ण सिनेमात एक अक्षर बोलत नाही, डोळे दिसत नाहीत, नुसता काचेत रस्ता दिसतो. कैद्याला पहारेकरी कसा भासतो, त्याचं ते चित्र आहे. कैद्याच्या बाजूनं गोष्ट सांगायची तर पहारेकऱ्याचं घरदार दाखवून कसं चालेल? आणि तो सिनेमा ज्याच्या कादंबरीवरून आला तो डॉन पिअर्स फ्लोरिडात साखळदंडी मजुरांच्या छावणीत दोन वर्षं राबलेला माणूस. घाम पुसण्याआधी, अंगरखा काढण्याआधी बॉसला ओरडून विचारायचं, हे बारकावे बाहेरच्याला सुचणार नाहीत.

म्हणून माझं म्हणणं, पहारेकरी सपाट दिसतो म्हणून सिनेमा खोटा ठरत नाही.

रेवा

तात्या, राग कसला. गॉगलवाल्याबद्दल पटलं. कैद्याच्या नजरेतून असेल तर तसा दिसणारच. माझी तक्रार त्या सिनेमांबद्दल आहे जे खऱ्या घटनेचं नाव लावतात आणि मग माणसं बदलतात. 'बर्डमॅन ऑफ ॲल्कट्राझ' (१९६२) बघून मी रडले होते. नंतर वाचलं की रॉबर्ट स्ट्राउडनं पक्षी पाळले ते लेव्हनवर्थच्या तुरुंगात. १९४२ मध्ये ॲल्कट्राझला नेल्यावर त्याला एकही पक्षी ठेवू दिला नाही. बर्ट लँकेस्टरचा सोशिक, ऋषीसारखा माणूस वेगळा आणि खरा स्ट्राउड वेगळा. त्याच्यासोबत राहिलेल्यांनी त्याला धोकादायक म्हटलंय, आणि १९१६ मध्ये त्यानं जेवणघरात सगळ्यांदेखत पहारेकऱ्याला भोसकून मारलं होतं. तुरुंगातल्या ५४ वर्षांपैकी ४२ वर्षं एकांतवासात काढणं ही शिक्षा अमानुष होतीच. पण ते सांगायला त्याला संत करायची गरज का पडावी? खुनी माणसालाही एवढं एकटं ठेवू नये, असं म्हणता येत नाही का?

त्यातला नेव्हिल ब्रँडनं केलेला पहारेकरी मात्र मला फार आवडला. एकदा तो स्ट्राउडला सुनावतो, इतकी वर्षं तुझ्याशी माणसासारखा वागलो, तू मात्र मला कधी माणूस समजला नाहीस. असा प्रसंग मला इतर कुठल्याच सिनेमात सापडला नाही.

जुना_रीळ

नाव लावून माणसं बदलण्यात 'मिडनाइट एक्सप्रेस' (१९७८) चा हात कोणी धरणार नाही. पडद्यावर बिली हेजच्या हातून मुख्य पहारेकरी मरतो आणि तो त्याचाच गणवेश घालून बाहेर पडतो. प्रत्यक्षात १९७५ मध्ये हेज इम्राली बेटावरच्या तुरुंगातून वल्ह्याच्या होडीनं पळाला, कुणाला मारलं नाही. सिनेमात एकही भला तुर्क नाही. पटकथाकार ऑलिव्हर स्टोननं २००४ मध्ये तुर्कस्तानात जाऊन अतिरंजनाबद्दल दिलगिरी व्यक्त केली, हेजनंही नंतर खंत बोलून दाखवली. पण तोवर एका देशाच्या तुरुंगाची प्रतिमा पक्की होऊन बसली होती.

सीगलचाच 'एस्केप फ्रॉम ॲल्कट्राझ' (१९७९) त्यामानानं प्रामाणिक. जून १९६२ मधलं पलायन, चित्रीकरण त्याच बेटावर. उशीवर ठेवलेली खोटी डोकी, न्हाव्याकडून मिळवलेले खरे केस, रेनकोटांचा तराफा, हे सगळं तसंच घडलेलं. पण दुष्ट वॉर्डन लेखकानं घातलेला. बोटं तोडून घेणारा कैदी खरा होता, फक्त तो १९३७ मधला.

रेवाताई, ती डोकी बाबांच्या मोजणीसाठीच होती, हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

रेवा

आलं ना! रात्री गजांतून बघून मोजायचं, झोपलेल्याला उठवायचं नाही. पहारेकऱ्यानं झोपू दिलं म्हणून ती डोकी खपली.

कानोसा

ध्वनिमुद्रणाचं काम करतो, म्हणून एवढंच. तुरुंगपट फार शांत असतात. संवाद ऐकू यायला हवेत म्हणून. एका माहितीपटासाठी आत गेलो होतो तेव्हा माझ्या हेडफोनमध्ये शांतता अशी मिळालीच नाही. लोखंड, बादल्या, खोकला, लांबून कुणाला तरी मारलेल्या हाका, सगळं भिंतींवर आपटून परत येतं.

रोबेर ब्रेसाँचा 'अ मॅन एस्केप्ड' (१९५६) डोळे मिटून ऐका. १९४३ साली लियाँच्या माँलुक तुरुंगातून पळालेल्या आंद्रे देविन्यीची गोष्ट. पहारेकऱ्यांचे चेहरे धड दिसतही नाहीत, पण जिन्याच्या कठड्यावरून किल्ली घासत जाणारा पहारेकरी कुठल्या मजल्यावर आहे हे आपल्याला कैद्याइतकंच कळायला लागतं. 'ल त्रू' मध्ये जमीन फोडतानाचे घाव कट न घेता मिनिटामागून मिनिटं चालतात. शेवटी शेवटी मलाच धाप लागली.

चौदा_महिने

बरेच दिवस नुसता वाचत होतो. आज लिहितो.

मी कच्चा कैदी म्हणून चौदा महिने आत होतो. नंतर निर्दोष सुटलो. त्याबद्दल इथं लिहिणार नाही. धाग्याबद्दल लिहितो.

सिनेमात बहुतेक पक्के कैदी असतात, शिक्षा लागलेले. त्यांना निदान आकडा माहीत असतो. माझ्याकडे आकडा नव्हता. पुढची तारीख होती. तारखेला गाडी आली तर कोर्टात जायचं, नाही आली तर पुढची तारीख. पळून जाण्याबद्दल चौदा महिन्यांत कोणाच्या तोंडून शब्द ऐकला नाही. बोलणं सगळं जामिनाचं, वकिलाचं, आणि मुलाखतीला घरून कोण येणार याचं. मुलाखतीत जाळीपलीकडे वीस माणसं एकदम ओरडत असतात. आपल्या माणसाचे ओठ वाचायला शिकावं लागतं. सिनेमात काचेला हात लावून शांतपणे बोलतात, ते बघवत नाही मला.

पहारेकऱ्यांविषयी. एक जण खरंच वाईट होता. बाकीचे आमच्यासारखेच कंटाळलेले. रात्रपाळीचा एक होता, तो बराकीच्या कोपऱ्यापाशी आला की मोठ्यानं खाकरायचा. मग पुढे यायचा. तेवढ्यात पत्त्यांचा डाव उशीखाली जायचा, बिडी विझायची. त्याला सगळं माहीत होतं. चौदा महिन्यांत त्यानं एकदाही खाकरल्याशिवाय कोपरा ओलांडला नाही, आणि त्याच्या पाळीत एकदाही मारामारी झाली नाही. अभयसरांनी लिहिलेलं वाचताना तोच डोळ्यांसमोर आला.

शलाका_पी

दादा, तुम्ही लिहिलंत हे फार मोठं आहे. काही विचारवत नाही.

अभय_स

तुमच्या परवानगीनं हा खाकरण्याचा प्रसंग वर्गात सांगेन. अर्थात नाव-गाव काही नाही.

चौदा_महिने

सांगा सर. नक्की सांगा.

माधुरी_व

कोणीच 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) चं नाव घेतलं नाही, म्हणून मी घेते. बर्लिनला रौप्य अस्वल मिळवणारा शांताराम बापूंचा सिनेमा, कथा गदिमांची. सहा खुनी कैदी आणि त्यांना बेड्यांशिवाय माळावर नेणारा जेलर. लोक त्याला भाबडा आदर्शवाद म्हणतात. पण औंध संस्थानात स्वतंत्रपूरला असा प्रयोग खरंच झाला होता. मॉरिस फ्रीडमन या पोलिश गृहस्थांनी मनावर घेतलं आणि राजेसाहेबांनी जमीन दिली. आटपाडीजवळची ती खुली वसाहत आजही आहे. म्हणजे ज्याला आपण सर्वांत स्वप्नाळू समजतो त्या सिनेमाच्या पायाखाली खरी जमीन आहे.

सिनेमात एक जागा फार खरी आहे. कैद्यांना पहिल्यांदा मोकळं सोडतात तेव्हा त्यांना झोप लागत नाही. बेड्यांची सवय झालेली असते. ब्रुक्सचंच दुखणं, शॉशँकच्या कितीतरी आधी दाखवलेलं.

रेवा

माधुरीताई, हा बाबांनी पूर्ण पाहिलेला एकमेव तुरुंगपट होता. वहीत लिहायचा राहून गेला, कारण तो मी मुद्दाम असा बघितलाच नव्हता, त्यांच्यासोबत लहानपणी पाहिला होता. तेव्हा ते म्हणाले होते, एक जेलर आणि सहा कैदी असतील तर मीसुद्धा करून दाखवीन.

चौदा_महिने, तुमची पोस्ट आईला वाचून दाखवली. बाबासुद्धा असेच खाकरत, असं ती म्हणाली. ते ऐकून बरं वाटलं. धन्यवाद.

तात्या_मुक्कामी

काल रात्री 'ल त्रू' पाहिला. सुरीचा प्रसंग आला तेव्हा मागे नेऊन पुन्हा पाहिला. पण मला राहून राहून आठवतोय तो दुसराच. तळघरात रात्रीची गस्त घालणारे दोन पहारेकरी एका जाळ्यापाशी थांबतात आणि कोळ्याला माशी भरवतात. पळू पाहणारे दोघं कैदी अंधारात लपलेले, आपल्या छातीत धडधड, आता सापडतात की काय. आणि हे दोघं पहारेकरी कंदिलाच्या उजेडात कोळ्याकडे बघत उभे. रोज येत असणार ते तिथं. त्यांचीही तेवढीच करमणूक.

रेवाताई, यादीतला पुढचा कुठला ते सांगा. सोबत बघतो.